रोमन नाण्याची झीज कशी वाचायची? (अँटनीच्या दिनारियसच्या निमित्ताने)

भिंगवाला

रोमन सेनानी मार्क अँटनीने इ.स.पू. ३२-३१ मध्ये, अ‍ॅक्टियमच्या लढाईच्या तोंडावर, फौजेचा पगार भागवायला चांदीचे दिनारियस पाडले. पुढच्या बाजूला वल्ह्यांचं लढाऊ गलबत. मागच्या बाजूला दोन निशाणांच्या मधे गरुड आणि त्याच्या पायाशी लीजनचा (रोमन सैन्याच्या पलटणीचा) क्रमांक. परदेशी विक्रेत्यांकडे ही नाणी भरपूर असतात, पण बहुतेक इतकी गुळगुळीत की गलबताची नुसती सावली उरलेली. तेवढ्याच पैशात तिसऱ्या शतकातलं, जवळजवळ कोरं नाणं मिळतं. नवा संग्राहक साहजिकच कोऱ्याकडे वळतो.

मला अँटनीचं झिजलेलं नाणं जास्त मोलाचं वाटतं. त्याच्या चांदीत तांब्याची भेसळ इतर दिनारियसपेक्षा थोडी जास्त होती. लोकांनी चांगली नाणी पुरून ठेवली, वितळवली आणि ही पुढे सरकवली. दोनशेहून जास्त वर्षं ती एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिली. तिसऱ्या शतकात पुरलेल्या साठ्यांमध्येही ती सापडतात. कोरं नाणं बहुधा पाडल्यावर लगेच कुठेतरी गाडलं गेलेलं असतं. बाजार पाहिलेलं नाणं म्हणजे हे झिजलेलं.

पण ही सगळी गोष्ट झीज हातांनी झाली असेल तरच खरी. मातीने खाल्लेलं, बोथट ठशाने पाडलेलं किंवा कुणीतरी घासून चकचकीत केलेलं नाणंही फोटोत तसंच पुसट दिसतं. हे चार प्रकार तुम्ही वेगळे कसे ओळखता? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

जुनी_टांकसाळ

उत्तम विषय. एकेक घेतो.

हाताची झीज उंचवट्यांपासून सुरू होते. सम्राटाचं नाणं असेल तर कानावरचे केस, गाल, भुवई. मागे उभी आकृती असेल तर मांडी आणि छाती. अँटनीच्या नाण्यावर गलबताचा मधला भाग आणि गरुडाचं अंग आधी जातं. हातोड्याने पाडलेल्या नाण्याला आजच्या नाण्यासारखा उचललेला काठ नसतो, त्यामुळे अक्षरांना आडोसा नाही, तीही चित्राबरोबर झिजतात. उंचवटा आणि सपाट भाग यांच्यातली सीमा देवळाच्या पायरीसारखी गोलसर होते. मात्र खोलगट जागी, अक्षरांच्या पोटात, मूळ बारीक काम आणि काळपट छटा टिकून राहते. नाण्याची कडही गोल होते आणि वजन घटतं.

ठोका कमी बसला असेल तर चित्र वेगळं दिसतं. एका बाजूचा एखादाच भाग सपाट असतो आणि नाणं उलटवलं की पाठीमागे नेमक्या त्याच जागी दुसरं सपाट ठिकाण सापडतं. बाकी सगळं धारदार. सपाट जागेत कोऱ्या चकतीचा मूळ खरबरीतपणा दिसतो, कारण धातू ठशात शिरलाच नाही. वजन पूर्ण भरतं.

ठसाच झिजलेला असेल तर अक्षरांचे पाय काठाकडे माशाच्या शेपटीसारखे फाकतात, आणि मधून काठाकडे जाणाऱ्या बारीक रेघा दिसतात. धातू त्या वाटेने वाहिला त्याची ती खूण. अशा नाण्यावर कधी कधी मूळ चकाकीसुद्धा असते, तरी लोक त्याला ‘झिजलेलं’ म्हणून मोकळे होतात.

मातीने खाल्लेल्या नाण्यावर उंच आणि खोल जागा सारख्याच टोचलेल्या असतात. भिंगाखाली पृष्ठभाग जाळीदार दिसतो. चित्र ओळखू येतं पण वजन संशय यावा इतकं कमी.

आणि घासलेलं नाणं. त्यावर एकाच दिशेच्या केसासारख्या रेघा सपाट भागावरून चित्रावर आणि परत सपाट भागावर अशा सलग जातात. खिशातल्या झिजेच्या रेघा वाटेल त्या दिशेच्या असतात. शिवाय खोलगट जागाही उजळ असल्या तर नाणं रसायनात बुडवलेलं आहे.

उंबरठा

वाचनखूण साठवली. हे सगळं फोटोवरून कळतं की नाणं हातातच हवं?

जुनी_टांकसाळ

@उंबरठा, विक्रेत्याकडे तीन गोष्टी मागा: शतांश ग्रॅमपर्यंत वजन, काठाचा फोटो, आणि एका बाजूने तिरपा उजेड टाकून नाणं हळूहळू फिरवतानाचा व्हिडिओ. समोरून पडलेल्या सपाट उजेडात काहीच कळत नाही. घरी १० पट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. त्याहून मोठ्या भिंगाने प्रत्येक नाणं भयानक दिसतं आणि निर्णय चुकतो.

पाचूबंदर

मूळ मताशी मी असहमत आहे. झिजलेल्या नाण्याचं कौतुक जरूर करा, पण नवीन माणसाला तो सल्ला देऊ नका. बनावट नाणी झिजेच्या आड फार सहज लपतात. ओतीव नकलेत बारीक काम उतरत नाही, कडा मऊ येतात, आणि विकणारा सांगतो, ‘दोन हजार वर्षं वापरलेलं आहे हो!’ धारदार नाण्यावर केस, डोळ्याची पापणी, अक्षरांच्या टोकांचे ठिपके तपासता येतात. गुळगुळीत नाण्यावर काय तपासणार? डोळा तयार होईपर्यंत माणसाने चांगल्या अवस्थेतली, साधी, भरपूर मिळणारी नाणी हाताळावीत.

भिंगवाला

@पाचूबंदर, मुद्दा रास्त आहे. पण ओतीव नकलेचा मऊपणा आणि खरी झीज एकसारखी नसते. खऱ्या झिजेत उंच जागा सगळ्यात गुळगुळीत आणि खोल जागा सगळ्यात स्पष्ट. ओतीव नाण्यात हे नातंच मोडतं: खोल कोपरेसुद्धा भरून आल्यासारखे, आणि गुळगुळीत असायला हव्यात त्या उंच जागांवर हवेच्या बुडबुड्यांचे सुईच्या टोकाएवढे खड्डे. काठावर साच्याच्या जोडाची रेघ किंवा ती लपवायला मारलेली कानस. तिथेच नक्कल उघडी पडते.

अडकित्ता

एक खूण राहिली. दोन खरी नाणी एकाच ठशातून निघू शकतात, त्यात काही वावगं नाही. पण दोन नाण्यांवर झीज, ओरखडा आणि मध्य सरकलेला असणं हे तिन्ही हुबेहूब जुळलं तर निदान एक नक्कल आहेच, बहुधा दोन्ही. वापराचे घाव कुठल्याही दोन नाण्यांवर सारखे पडत नाहीत. लिलावांचे जुने फोटो चाळायचे ते यासाठी. झिजलेल्या नाण्याचं हे एक मोठं बळ आहे. त्याच्या अंगावर इतक्या खुणा असतात की ते पुन्हा ओळखता येतं.

लाटिनवेडी

अँटनीच्या नाण्यांबद्दल रोमन लेखक थोरल्या प्लिनीचं म्हणणं असं की त्याने चांदीत लोखंड मिसळलं. प्रत्यक्षात भेसळ तांब्याची. पण शंभर वर्षांनंतरही या नाण्यांची अपकीर्ती टिकून होती एवढं त्यातून कळतं.

झिजेबद्दल दोन संदर्भ फार बोलके आहेत. रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो की जर्मन टोळ्यांना जुनी, ओळखीची नाणी आवडत, विशेषतः करवतीसारख्या दातेरी काठाची आणि दोन घोड्यांच्या रथाची. म्हणजे बाजारात जुनं नाणं नव्यापेक्षा विश्वासाचं. आणि दुसरा इतिहासकार कॅसियस डिओ सांगतो की सम्राट ट्रेजनने झिजून गेलेली नाणी गोळा करून वितळवली. ही घटना इ.स. १०७ च्या सुमाराची धरतात. प्रजासत्ताक काळातली चांगल्या चांदीची नाणी त्यात संपली. अँटनीची उरली, कारण वितळवून फारसा फायदा नव्हता.

अडकित्ता

त्यात आकडे भरतो. प्रजासत्ताकाच्या अखेरीस एका रोमन पौंडात ८४ दिनारियस, म्हणजे एकेक सुमारे ३.९ ग्रॅम. नीरोने इ.स. ६४ मध्ये पौंडात ९६ पाडायला सुरुवात केली, वजन ३.४ वर आलं आणि चांदीची शुद्धताही घटली. सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळात तर चांदी निम्म्यावर. त्या बाजारात अँटनीचं बदनाम नाणं उलट सगळ्यात चांदीचं ठरलं, आणि तेव्हा कुठे लोक ते साठवू लागले. कॅराकॅलाने इ.स. २१५ मध्ये काटेरी किरणांच्या मुकुटाचं दुप्पट मोलाचं नाणं आणलं, त्यात चांदी मात्र दीड दिनारियसचीच होती. गॅलियनसपर्यंत त्या नाण्याची अवस्था चांदीचा हात फिरवलेल्या तांब्याची झाली.

म्हणून तिसऱ्या शतकातली नाणी ‘कोरी’ मिळतात. फिरायला त्यांना वेळच मिळाला नाही, नवं नाणं यायच्या आत जुन्याची किंमत गेलेली असायची. भिंगवाल्यांनी वर दोन नाण्यांची तुलना केली आहे, त्यातल्या कोऱ्या नाण्यामागेही ही महागाईची कथा आहे.

दगडफूल

सगळे चांदीवर बोलताहेत, पण झिजेची खरी मजा पितळ-तांब्यात आहे. सेस्टर्शियस घ्या: सोनेरी पितळेचं, २५ ग्रॅमच्या आसपास, ३२-३४ मिलिमीटरचं मोठं धूड. पहिल्या-दुसऱ्या शतकातली ही नाणी तिसऱ्या शतकातही चालत होती. बंडखोर सम्राट पोस्टुमसने २६० च्या दशकात अशाच झिजलेल्या सेस्टर्शियसवर स्वतःचे ठसे मारून त्यांना दुप्पट किमतीचं केलं. तिरप्या उजेडात पोस्टुमसच्या दाढीखालून जुन्या सम्राटाची मान किंवा दोन-चार अक्षरं डोकावतात. नाण्याखाली नाणं!

फ्रान्समधल्या नीम शहराच्या टांकसाळीचं नाणं आठवा: पुढे सम्राट ऑगस्टस आणि त्याचा सेनापती अग्रिप्पा पाठीला पाठ लावून, मागे खजुराच्या झाडाला साखळीने बांधलेली मगर. ही नाणी अर्धी तोडलेली नेहमी सापडतात, कारण सुट्ट्यांची टंचाई होती. अग्रिप्पा एका तुकड्यात, ऑगस्टस दुसऱ्या. असा अर्धा तुकडा फुटकं नाणं म्हणून टाकून देऊ नका. तुटलेला काठही बाकीच्या नाण्याइतकाच गुळगुळीत असेल तर तो अर्धा होऊनही बरीच वर्षं चालला.

रंगाबद्दल: हिरवा, तपकिरी, काळा थर म्हणजे धातू आणि माती यांचा शतकानुशतकांचा करार. टायबर नदीच्या गाळात हवा पोचत नाही, म्हणून तिथली नाणी पितळी सोनेरीच राहतात. हिरवा थर नसला की नाणं घासलेलंच असं समजू नये.

मीठभाकर

सोपा प्रश्न. तांब्याच्या नाण्यावर फिकट हिरवी भुकटी दिसते. तांब्याची भांडी चिंचेने लखलखीत होतात, तसं हळूच चालेल का?

तांबडा_रस्ता

नाही, नाही, नाही! चिंच, लिंबू, व्हिनेगर, भांड्यांची पावडर, यांपैकी काहीही नको. चिंचेतलं आम्ल तांब्याची ऑक्साइडं आणि कार्बोनेटं विरघळवतं, आणि पुरातन नाण्याचं सगळं बारीक काम बहुतेक वेळा त्या थरातच असतं. खालचा धातू तेवढा नितळ उरलेला नसतो. थर गेला की चेहरा गेला. खाली गुलाबी, खड्डेदार तांबं उघडं पडतं.

आता भुकटीकडे. टूथपिकने अलगद टोचून पाहा. थर घट्ट असेल आणि पावडर पडत नसेल तर ते साधं कळकणं, तसंच राहू द्या. फिकट पोपटी भुकटी सुटत असेल आणि खाली खड्डा निघत असेल तर तो ‘ब्राँझचा रोग’. जमिनीतलं क्लोराइड धातूत शिरून बसलेलं असतं. हवेतली आर्द्रता आणि प्राणवायू मिळाला की त्यातून आम्ल तयार होतं, ते आणखी तांबं खातं आणि चक्र चालू राहतं. संसर्गाने दुसऱ्या नाण्याला होत नाही, पण एकाच डब्यात सगळ्यांना सारखीच दमट हवा मिळते, म्हणून पसरल्यासारखा दिसतो. आजारी नाणं आधी वेगळं काढा.

उपाय संथ आहे. भुकटी लाकडी काडीने कोरून काढा. नाणं डिस्टिल्ड पाण्यात ठेवा (गॅरेजवर मिळणारं बॅटरीत टाकायचं पाणी चालतं, बॅटरीचं आम्ल वेगळं, बाटली नीट वाचून घ्या). पाणी एक-दोन दिवसांनी बदला. भागलं नाही तर एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा समभाग, दोन्ही मिळून ५० ग्रॅम, या द्रावणात ठेवा आणि आठवड्याला द्रावण बदला. काही आठवडे ते काही महिने लागतात. नंतर पुन्हा साध्या डिस्टिल्ड पाण्यात ठेवून क्लोराइड तपासा: त्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकल्यावर दुधी ढग उठला तर अजून धुवायचं आहे. सोडा पूर्ण धुऊन निघाल्याशिवाय ही चाचणी करू नका, सोड्याचा अंश असेल तरी पाणी गढूळ होतं आणि उगाच घाबरगुंडी उडते. शेवटी नीट वाळवा, मगच मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या. ओलाव्यावर मेण लावलं तर रोग आतच कोंडला जातो.

सोड्याच्या लांब मुक्कामात मूळ थराचा रंग निळसर होऊ शकतो. म्हणून निरोगी नाण्याला हा उपचार ‘खबरदारी म्हणून’ करू नये. बेन्झोट्रायझोल हेही रसायन वापरतात, पण ते विषारी आहे, हातमोजे आणि धूर खेचणारी व्यवस्था नसेल तर घरी आणूच नका.

दगडफूल

तांबडा_रस्ता यांना +१. ऑलिव्ह तेलात महिनोन्महिने बुडवायची जुनी रीत अजून सांगितली जाते. तेलातली आम्लं हळूहळू थर खातात आणि तेल रंध्रांतून निघत नाही. डिस्टिल्ड पाणी आणि धीर यापलीकडे सहसा काही लागत नाही.

आणि चौथ्या शतकातल्या छोट्या नाण्यांना मूळचा चांदीचा पातळ हात असतो. ब्रशने जोर दिला तर सतराशे वर्षं टिकलेली चांदी एका दुपारी जाते.

काठपदर

चांदीबद्दल इशारा. ‘खणखणीत वाजवून बघा’ हा सल्ला रुपयाला ठीक आहे, पुरातन चांदीला देऊ नका. जमिनीत राहून तिच्या कणांच्या सीमा आतून खाल्ल्या जातात आणि ती काचेसारखी ठिसूळ होते. फरशीवर पडली तर दोन तुकडे. अल्ट्रासोनिक यंत्रातही असंच होतं. हाताळताना खाली दुमडलेला टॉवेल ठेवा आणि नाणं काठाने धरा.

साठवणीचं म्हणाल तर मुंबई-कोकणातला पावसाळा हा तांब्याच्या नाण्यांचा पहिला शत्रू. रोगाला रोखायचं तर डब्यातली आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली हवी, आणि बाहेर जुलैत ती ८०-९० असते. रबरी कडेचा हवाबंद डबा, त्यात रंग बदलणारं सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक, एवढी व्यवस्था मे महिन्यातच करून ठेवा. जेलचा रंग बदलला की कढईत मंद आचेवर परतून पुन्हा कोरडं करता येतं, ती कढई मात्र पुन्हा स्वयंपाकाला नको.

मऊ, वास येणारी पीव्हीसीची पाकिटं टाळा. त्यातलं प्लास्टिसायझर सुटून नाण्यावर हिरवा चिकटा बसतो. बसलाच तर शुद्ध अ‍ॅसिटोनने निघतो. मायलारची (पॉलिएस्टरची) कडक पाकिटं किंवा आम्लरहित कागदाची घ्या. ओकच्या लाकडाचा खण नको, त्यातून आम्लाची वाफ येते; महोगनी चालतं. रबरबँड जवळही नको, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते.

निळी_शाई

अवांतर, पण झिजेशीच जोडलेलं. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासपत्रात लिहिलंय की भरुचच्या बाजारात मिनँडर आणि अपोलोडोटस या ग्रीक राजांच्या जुन्या द्राक्मा (चांदीची नाणी) तेव्हाही चालत होत्या. राजे जाऊन शंभराहून जास्त वर्षं झालेली! त्याच ग्रंथात रोमन सोन्याचांदीची नाणी भरुचला येतात आणि स्थानिक नाण्यांशी बदलताना नफा होतो असंही आहे. सोपारा, कल्याण, पैठण, तेर ही आपली नावंही त्यात आहेत.

तरी रोमन नाण्यांचे मोठे साठे सापडतात ते दक्षिणेत, कोइमतूर-करूर पट्ट्यात आणि आंध्र-तेलंगणात. महाराष्ट्रात फार थोडी. एक मत असं की इथे क्षत्रप आणि सातवाहन स्वतःची चांदीची नाणी पाडत होते, त्यामुळे रोमन चांदी मुशीत गेली. क्षत्रप राजा नहपानाच्या नाण्यावरचा चेहरा आणि ग्रीक अक्षरं पाहिली की पश्चिमेकडची ओळख पटते. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये त्याची १३ हजारांहून जास्त नाणी मिळाली, आणि त्यातल्या दोन-तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला आहे. दगडफूल यांनी सांगितलेल्या पोस्टुमसच्या शंभराहून जास्त वर्षं आधी.

दक्षिणेतल्या चांदीत ऑगस्टस आणि टायबेरियसचे दोनच प्रकार प्रचंड संख्येने येतात. नीरोने चांदी कमी केल्यावर इथल्या व्यापाऱ्यांनी नवी नाणी नाकारली, जुनीच मागितली, असा त्याचा अर्थ लावतात.

लाटिनवेडी

आणि ‘दीनार’ हा आपला संस्कृत शब्द दिनारियसवरूनच आला. गंमत अशी की रोममध्ये ते चांदीचं नाणं, गुप्तकाळात मात्र दीनार म्हणजे सोन्याचं. शब्दही वापरात झिजतात आणि वर नवा ठसा घेतात.

जुनी_टांकसाळ

@निळी_शाई, भारतातल्या नाण्यांवरच्या जखमाही झिजेइतक्याच बोलक्या आहेत. तमिळनाडूत पुदुकोट्टई भागात १८९८ मध्ये ५०१ ऑरियस (सोन्याची रोमन नाणी) मिळाले, आणि बहुतेकांवर सम्राटाच्या डोक्यावर छिन्नीचा घाव आहे. कस बघायचा असता तर काठावर बारीकशी खाच पुरली असती. घाव चेहऱ्यावरच आहे, तोही इतक्या नाण्यांवर, म्हणून ती चलनातून बाद केल्याची खूण मानतात.

अडकित्ता

बाद केली असं ठामपणे म्हणता येईल का? सोनं वजनाने चालत असेल तर बाद करायचं कशासाठी? त्या साठ्यातली बरीच नाणी मुळात चांगलीच झिजलेली आहेत. वजनाने कमी भरणारी सोन्याची नाणी वेगळी काढून त्यांवर खूण केली असं समजलं तर घाव आणि झीज एकत्र जुळतात.

जुनी_टांकसाळ

@अडकित्ता, झिजलेलं म्हणूनच बाद, हे जुळतं खरं. मी फक्त ‘कस बघायला’ हे उत्तर बाजूला ठेवेन.

भारतात सापडलेल्या सोन्याच्या नाण्यांवर दुसरी खूण मिळते: डोक्याच्या वर शेजारी-शेजारी दोन भोकं. पुतळ्यांच्या माळेसारखी गळ्यात घालायची. अशा नाण्याची मागची बाजू कातडीवर घासून पुढच्यापेक्षा जास्त गुळगुळीत झाली असेल तर ते खिशात कमी आणि गळ्यात जास्त राहिलंय. तेरला आणि तेलंगणात कोंडापूरला रोमन नाण्यांच्या भाजलेल्या मातीच्या नकलाही सापडल्या, त्याही अंगावर मिरवायच्या.

सांजसावली

इंग्लंडहून लिहितेय. इथे १९९६ च्या कायद्याप्रमाणे ३०० वर्षांपेक्षा जुनी सोन्या-चांदीची दोन किंवा जास्त नाणी एकत्र सापडली की कळवणं बंधनकारक आहे. हलक्या धातूची असतील तर दहा. त्यामुळे सापडलेल्या जागेची नोंद राहते. सॉमरसेटमधल्या फ्रोम गावी २०१० मध्ये एका मडक्यात ५२,५०३ नाणी मिळाली. शोधणाऱ्याने ती उपसून काढली नाहीत, पुरातत्त्वज्ञांना बोलावलं. त्यांनी थराथराने काढल्यामुळे कळलं की मडकं पुरून मगच भरलं असावं, एवढं वजन त्या पातळ मडक्याने उचलताना पेललंच नसतं.

सफोकमध्ये हॉक्सनला १९९२ मध्ये शेतात हरवलेला हातोडा शोधताना जवळजवळ १५ हजार रोमन नाणी सापडली. हातोडाही सापडला आणि तोसुद्धा आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे!

पाचूबंदर

नोंदीचा मुद्दा निघालाच आहे तर: झीज वाचण्याआधी कागद वाचा. सीझरचा मारेकरी ब्रूटस याचं ‘मार्चच्या मध्याचं’ नाणं, दोन खंजीर आणि मधे मुक्तीची टोपी, सोन्यातलं, २०२० मध्ये लंडनमध्ये सुमारे ३२ लाख पौंडांना विकलं गेलं. मालकीचा इतिहास खोटा निघाला आणि २०२३ मध्ये ते ग्रीसला परत गेलं. तुर्कस्तानात जमिनीत सापडलेलं सगळं सरकारचं. जुन्या लिलावाची पावती, जुना फोटो, संग्राहकाचं हाताने लिहिलेलं कार्ड मिळालं तर नाण्याइतकंच जपा.

आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं. ते देशाबाहेर न्यायला खाजगी व्यक्तीला बंदी आहे, आणि विक्रीचा धंदा करायला परवाना लागतो. परदेशी भावाला भेट म्हणून पाठवायचा विचार असेल तर सोडा. जमिनीत सापडलं आणि किंमत दहा रुपयांहून जास्त असेल तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

उंबरठा

एवढं वाचून पहिलं नाणं कुठलं घ्यावं ते सांगा. चौथ्या शतकातली न धुतलेली नाणी घाऊक मिळतात, ती?

दगडफूल

@उंबरठा, शिकायला चांगली, कारण लेख पुसला गेला तरी मागच्या चित्रावरून काळ ठरतो. दोन सैनिक आणि मधे दोन निशाणं: ३३०-३३५. निशाण एकच: ३३५ नंतर. लांडगी आणि जुळी मुलं: ३३० नंतरचं, रोम शहराच्या नावाचं. सैनिक घोडेस्वाराला भाल्याने पाडतोय: शतकाच्या मध्याच्या आसपास, सम्राट कॉन्स्टँशियसचा काळ. खाली आडव्या रेघेनंतरची अक्षरं टांकसाळीची, ‘टी आर’ असेल तर ट्रियर, ‘एस आय एस’ असेल तर सिस्किया. दहातली दोन-तीन तरी एवढ्यावर लागतात.

पाचूबंदर

सहमत, आणि त्याबरोबर चांगल्या अवस्थेतलं एक नाणं घ्या. मुळात काय होतं ते माहीत असेल तरच काय झिजलं ते कळतं.

भिंगवाला

@पाचूबंदर, हे मला पूर्ण मान्य. एक कोरं, एक झिजलेलं, शेजारी-शेजारी.

अँटनीच्या नाण्याकडे परत येतो. लीजनचा क्रमांक पुसला असेल तर असं करा. नाणं काळ्या कागदावर ठेवा, खोलीत अंधार करा आणि टॉर्च जवळजवळ टेबलाला टेकवून उजेड आधी डावीकडून, मग खालून टाका. उभे दांडे डावीकडच्या उजेडात उठतात, तिरपे खालच्या. दांडा झिजला तरी दोन दांड्यांमधलं अंतर राहतं. गरुडाच्या पायापासून काठापर्यंत किती जागा आहे ते मोजा: दोन दांड्यांचा आकडा आणि पाच-सहा चिन्हांचा आकडा एवढ्याशा जागेत वेगळाच पसरतो. चार आणि नऊ हे आकडे या नाण्यांवर दोन्ही पद्धतींनी येतात, चार सरळ दांडे मारून किंवा वजाबाकीने, तेव्हा एकच रूप मनात धरून शोधू नका. मग स्पष्ट क्रमांकाच्या नाण्यांचे फोटो घेऊन निशाणांची टोकं आणि गरुडाचा कल जुळतो का ते पाहा. ठसा जुळला तर पुसलेला आकडा सापडला.

जुनी_टांकसाळ

यात एक भर. क्रमांक बाकी नाण्यापेक्षा जास्त धारदार दिसला तर थांबा. दुर्मिळ लीजनच्या लोभाने कुणी दांडा नव्याने कोरलेला किंवा खरवडलेला असू शकतो. खऱ्या नाण्यावर आकडा, गरुड आणि गलबत एकाच प्रमाणात झिजलेले असतात.

उंबरठा

सहावी की सोळावी असा घोळ असलेल्या एका नाण्याचा विक्रीफोटो समोर आहे. वजन ३.१२, काठ गोल, खोलगट जागा काळपट. तिरप्या उजेडातला व्हिडिओ मागवला आहे. आला की इथेच टाकते.